सूतिकागार कोणी सिद्ध करावयाचे?

मूल हाती येईपर्यंत त्याच्यासाठी काही आणू नये, काही योजू नये, फार बोलूही नये, अशी एक समजूत आमच्या मंदिरसमाजात खोल रुजली आहे. डोहाळजेवणाचा मखर आम्ही हौसेने सजवितो, ओटी भरतो, सुवासिनींना जेवू घालतो. परंतु मध्यरात्री कळा सुरू झाल्या तर गाडी कोणाची, रुग्णालय कोणते, रक्त कोण देणार, असे कोणी विचारले की 'अभद्र बोलू नका' म्हणून त्याला गप्प बसवितो. ही समजूत धर्माची नव्हे, आळसाची आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

पुरावा शास्त्राचाच घ्यावा. नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार सिद्ध ठेवावे, असे चरकसंहितेचे शारीरस्थान सांगते. जागा कशी असावी, तूप, तेल, औषधी यांचा साठा कोणता असावा, जवळ कोणत्या अनुभवी स्त्रिया असाव्यात, याची तेथे बारकाईने नोंद आहे. शांतिकर्म आणि आशीर्वचनही आहे. पण ते सिद्ध केलेल्या घरात प्रवेश करताना. रिकाम्या हातांनी केलेली प्रार्थना त्या आचार्याला अभिप्रेत नव्हती. जे शास्त्राने कर्तव्य म्हणून सांगितले त्याला आम्ही अपशकुन म्हणावे, याहून मोठा विपर्यास कोणता?

आमच्या शहरवासी वाचकांच्या घरी हा आळस बहुधा निभावून जातो. दवाखाना कोपऱ्यावर असतो. तो जेथे निभावत नाही अशा एका ठिकाणाकडे आम्ही लक्ष वेधतो. पवारांच्या धारचे नाव मराठी वाचकाला परके नाही. त्याच धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाकडे, कुक्षीच्याही पुढे, नर्मदेच्या बाजूला डही आहे. वस्ती मुख्यतः भिल्ल आणि भिलालांची. घरे टेकड्यांवर विखुरलेल्या फळियांतून. तेथे मुख्य प्रश्न रस्त्यापर्यंत पोहोचण्याचा असतो, आणि पावसाळ्यात तर ओढा उतरण्याची वाट पाहावी लागते. शेवटचे चार आठवडे तेथे जसे वापरले जातील तसा पुढचा निकाल लागतो.

यावर उत्तर तयार असते : 'आता सरकार सगळे पाहते.' सरकारने केलेले आम्ही नाकारीत नाही. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. २०११ साली सरकारी रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त व जाण्यायेण्याचे वाहन विनामूल्य झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे मध्य प्रदेशात २००५-०६ मध्ये शंभरांतील सुमारे २६ प्रसूती रुग्णालयांत होत. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण ९१ च्या घरात गेले. तरीही २०१८-२० या काळात तेथे दर लाख जिवंत जन्मांमागे १७३ माता दगावल्या. महाराष्ट्रात तो आकडा ३३ होता. या अंतराचा सारा दोष एकाच कारणाच्या माथी मारता येणार नाही. परंतु रुग्णालयाचा उंबरठा ओलांडला म्हणजे सर्व काही साधले, हा भ्रम मात्र हे आकडे टिकू देत नाहीत.

डहीच्या समोर, नर्मदेपलीकडे बडवानी आहे. त्या जिल्ह्यात २०१० साली एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत २५ हून अधिक माता दगावल्या आणि लोक रस्त्यावर आले. चौकशीस गेलेल्या अभ्यासकांना काय दिसले? गरोदरपणीच्या तपासणीची हेळसांड, न ओळखलेला रक्तक्षय, आणि एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे नुसती पाठवणी. २०१२ साली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने संदेश बन्सल यांच्या याचिकेवर निर्णय देताना, प्रसूतीतून जिवंत बाहेर पडणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाखालील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा शासनाची जबाबदारी आम्ही तसूभरही कमी करीत नाही. मात्र आमच्या व्यवसायातील अनुभव असा की, तारीख पुकारल्यावर वकील शोधू लागणाऱ्या पक्षकाराचा हक्क कितीही खरा असला तरी तो त्याच्या उपयोगी पडत नाही. इथे तर तारीखही आधी कळत नाही.

आठव्या महिन्यातच ठरवावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. प्रसूती कोठे, आणि अडचण आल्यास पुढे कोठे; रात्रीचे वाहन कोणते; सोबत कोण; रक्तगट तपासलेले दोन दाते कोण; घरची मुले आणि गुरे कोण सांभाळील; कागदपत्रे व थोडे पैसे कोठे ठेवले आहेत. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, पाणी जाणे, पोटातील हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसताच उजाडण्याची वाट न पाहता निघावयाचे, हे घरातील पुरुषांनाही ठाऊक हवे.

'आमच्या आज्या घरीच बाळंत झाल्या' असे अभिमानाने सांगणारे, ज्या आज्या त्यातून उठल्या नाहीत त्यांची गणती करीत नाहीत. त्यांची साक्ष नोंदविण्यास कोणी उरलेच नाही.

पहिलटकरणीला माहेरी आणण्याची आमची चाल ही मुळात तयारीचीच चाल आहे. महाराष्ट्र शासनाने नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांत आरोग्य केंद्रांपाशी खोल्या काढून, दिवस भरत आलेल्या स्त्रीने तेथे आधीच येऊन राहावे अशी सोय केली आणि तिला 'माहेरघर' हेच नाव दिले. सूतिकागार आणि माहेर या दोन्ही कल्पना आमच्याच. त्या एकत्र आणण्याची बुद्धी मात्र देवस्थानांना अजून सुचलेली नाही.

गोव्या-कारवारकडील महाजनांना आणि माळव्यातील मंदिरांच्या विश्वस्तांना आमचे सांगणे एवढेच : पालखीच्या मार्गाची जशी आधी पाहणी करता तशी या वाटेचीही करा. धर्मशाळेच्या दोन खोल्या, रात्री निघू शकेल असे एक वाहन, रक्तदात्यांची एक वही. ओटी भरताना ती वही उघडी ठेवा. देवी त्याने रागावणार नाही.