दटावून दारू सुटत नाही

‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशी पत्रकं एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत अजूनही दिसतात. चहात पूड मिसळा, भाजीत मिसळा, त्याला पत्ताही लागणार नाही. पुडीत काय असतं ते विकणारा सांगत नाही आणि घेणारीही विचारत नाही. तिचं सगळं करून झालेलं असतं. रडून झालं, मुलांच्या शपथा घालून झाल्या, भावांना बोलावून दम देववला, एकदा देवळात नेऊन नारळही ठेवायला लावला. आता त्याला न विचारता काही करता आलं तरच.

या सगळ्या उपायांत एक गोष्ट समान आहे. पिणारा सोडून बाकी सगळे बोलत असतात.

विल्यम मिलर हे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठातले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. १९८० साली त्यांनी दारूच्या समस्येवरच्या वर्तनोपचारांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुठली पद्धत सरस ठरते हे पाहायचं होतं. पद्धतींत फारसा फरक निघाला नाही. फरक निघाला तो उपचार करणाऱ्या माणसांत. समोरच्याचं म्हणणं मनापासून समजून घेणाऱ्यांचे रुग्ण सहा महिन्यांनी कमी पीत होते. त्या काळात तिथल्या व्यसनमुक्ती केंद्रांत रुग्णाला फैलावर घेणं हाच उपचार मानला जाई: तू खोटं बोलतोस, आधी कबूल कर. १९९३ मध्ये मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं, की समुपदेशक जितका अंगावर जातो, तितका त्याचा रुग्ण वर्षभराने जास्त पीत असतो. यावर शंका घेता येईल. मुळात जास्त पिणाराच समुपदेशकाला चिडायला लावत नसेल कशावरून? शंका रास्त आहे, पण दटावल्याने दारू सुटते असा पुरावाही कुणी पुढे आणलेला नाही.

मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर वाढवलेली मुलाखतीची पद्धत वरवर पाहता फारच साधी आहे. सोडण्याची कारणं आपण द्यायची नाहीत, ती त्याच्या तोंडून येऊ द्यायची. ‘लिव्हर जाईल तुझं’ असं म्हटलं की तो रोज पिऊन नव्वदी गाठलेल्या आजोबांचा दाखला देतो. ‘सकाळी कामावर जाताना कसं वाटतं?’ असं विचारलं, की थोड्या वेळाने तोच सांगतो, मुकादमाने दोनदा परत पाठवलं म्हणून. पंढरपूरला जाऊन माळ घालणारे अनेक जण दारू सोडतात, तेही मला याच जातीचं वाटतं. माळ त्याची तो घालतो.

आता यातला महत्त्वाचा भाग. गुण जर ऐकण्यात असेल, तर ऐकायला पदवी लागतेच असं नाही. गोव्यात ‘संगत’ संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी हे पडताळून पाहिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत ताप-खोकल्यासाठी आलेल्या पुरुषांना पिण्याबद्दल दहा प्रश्न विचारले आणि घातक प्रमाणात पिणारे ३७७ जण निवडले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याशिवाय जास्तीत जास्त चार भेटी. भेटणारे समुपदेशक स्थानिक होते, मानसोपचाराचं कुठलंही शिक्षण नसलेले, या कामापुरते तयार केलेले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी आधीच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता.

हे आकडे देशाच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळतात, दाखल होऊन उपचार १८० मध्ये एकाला. तो एक कोण असेल हे सांगायला पाहणी लागत नाही. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून असंख्य घरं सावरली, पण तिथे पस्तीस दिवस राहावं लागतं. पस्तीस दिवसांची मजुरी बुडवणं ऊसतोड कामगाराला परवडत नाही. त्याच्यापर्यंत पोचते ती पुडी, नाहीतर पोलिसाची काठी.

गोव्याच्या प्रयोगावर भाळून जाण्याचं मात्र कारण नाही. ज्यांचं पिणं चालूच राहिलं, त्यांची मात्रा कमी झाली नाही. बायकोला होणारी मारहाणही तीन महिन्यांच्या निकालात घटली नव्हती. ही गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते. प्रयोगात सगळे पुरुष होते. दारूचा मार जिला बसतो, ती या मोजमापात एका रकान्यापुरती आली. आपल्या महाराष्ट्रात तिच्या हाती एकच हत्यार आहे, मतदान घेऊन बाटली आडवी करणं. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी कौल दिला की दुकान बंद. पण दुकान बंद झालं तरी पिणारा घरीच असतो आणि शेजारच्या गावची वाट त्याला ठाऊक असते. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती अभियानाने गावबंदीच्या जोडीला तालुक्यात उपचाराचे दवाखाने चालवले, ते म्हणूनच शहाणपणाचं वाटतं.

एक सावधगिरी. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबू नये. हात थरथरणं, झटके, भास असं झालं तर जीवावर बेतू शकतं. तिथे डॉक्टरच हवा. केंद्राच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे, तो मोफत आहे आणि घरच्यांनीही फिरवावा.

राज्यात अठराशेच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. एचआयव्हीसाठी ग्रामीण रुग्णालयांत समुपदेशक बसवायचं काम याच यंत्रणेने केलेलं आहे, तेव्हा माणसं मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवूनही हे होणार नाही; पगारी माणूस हवा आणि त्यात घरच्या बाईशी बोलणारीही हवी. जून २०२५ मध्ये सरकारने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हा त्यातून वर्षाला चौदा हजार कोटी रुपये जादा मिळतील असं सांगितलं होतं. त्यातले किती रुपये पिणाऱ्याच्या उपचारासाठी ठेवलेत, हे तुमच्या आमदाराला विचारा, आणि लेखी विचारा.