बटण दाबलं, पुढे काय?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांतली एक तक्रार काही केल्या हटत नाही. रोज रात्री बसून ॲप्लाय मारतो, एकाही कंपनीकडून साधी पोच येत नाही. लिहिणारे बहुतेक डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग झालेले, दोन-तीन वर्षं अनुभव असलेले. आपल्यातच काही कमी आहे, असं त्यांना वाटू लागलेलं असतं.

आधी व्यवहार समजून घ्या. नोकरीच्या पोर्टलवर तुमचं खातं फुकट असतं, पैसे मोजते ती कंपनी. 1997 साली सुरू झालेल्या नोकरी डॉट कॉमची मुख्य कमाईही कंपन्यांकडूनच होते. मग सोय कुणाची पाहिली जाणार? एचआरवाल्याला उमेदवारांचा अख्खा साठा चाळता येतो. शहर, अनुभव, पगार, नोटीस पिरियड, खातं शेवटचं कधी वापरलं, अशा चाळण्या लावल्या की हातात मोजकी नावं उरतात. ढीगभर अर्ज उघडण्यापेक्षा त्याला हेच परवडतं. म्हणजे तुम्ही अर्ज पाठवून वाट बघताय आणि तो भलत्याच खिडकीतून माणूस शोधतोय.

त्या खिडकीत दिसायचं कसं? चाकणच्या कारखान्याला क्वालिटी इन्स्पेक्टर हवा असेल, तर एचआर शोधणार मायक्रोमीटर, सीएमएम, पीपीएपी. आणि आपल्या रेझ्युमेच्या माथ्यावर काय? 'मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर.' असं कोण शोधतं हो? जी उपकरणं, ज्या पद्धती खरोखर वापरल्यात, त्यांची नावं जाहिरातीत असतात तशीच लिहा. दोन रकान्यांचा रंगीत रेझ्युमे दिसतो झकास, पण तो वाचणारं सॉफ्टवेअर कधीकधी डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडून मोकळं होतं. साधा, एका रकान्याचा ठेवा. प्रोफाइल दर आठवड्याला उघडून नीट करा. बदललेला मोबाइल नंबरही तिथे बदला. हे सांगावं लागतं, कारण बरेचजण विसरतात.

एवढं करूनही अर्ज माणसाने वाचावा असं वाटत असेल, तर माणसालाच लिहा. त्या विभागाचा मॅनेजर किंवा एचआर लिंक्डइनवर बहुतेक वेळा सापडतो. चार ओळी पुरतात: कुठल्या जागेसाठी, सध्या काय काम करता, त्यांच्या कामाशी त्याचा संबंध काय, कधी रुजू होऊ शकता. आठवड्याने एकदा आठवण, मग गप्प बसायचं. सकाळी व्हॉट्सॲपवर फुलांसकट सुप्रभात पाठवू नका. नंबर ब्लॉक होतो.

ओळखीचं नाव काढलं की आपल्या घरांत भुवया उंचावतात. वशिल्याने मिळालेली नोकरी नको म्हणे. पण अनेक कंपन्या माणूस सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षीस देतात, म्हणजे विचारून तुम्ही त्याच्यावर भार टाकत नाही. त्याच्या शब्दाने रेझ्युमे टेबलापर्यंत पोचतो, इतकंच. मुलाखत तुम्हालाच द्यायची असते. कॉलेजमधला सीनियर हिंजवडीत असेल, तर संकोच सोडून फोन करा.

एक सावधगिरी. सगळ्यांत तत्पर उत्तर ठगांचं येतं. 'तुमची निवड झाली, रजिस्ट्रेशनचे पैसे भरा' असा निरोप आला की तिथेच थांबा.

आता कंपन्यांकडे वळू. ज्याने नुसतं बटण दाबलं, त्या प्रत्येकाला उत्तर मिळावं असा माझा हट्ट नाही. एका रात्रीत चाळीस जाहिरातींवर डोळे मिटून बटण दाबणारेही आहेतच. पण मुलाखतीला बोलावून, अर्धा दिवस बसवून ठेवून, नंतर फोनही न उचलणं हा शुद्ध उद्धटपणा आहे. नकाराची मेल शेकडो जणांना एका फटक्यात पाठवायची सोय भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने तर कायदाच केला. 1 जानेवारी 2026 पासून तिथे 25 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीने जाहिरात देऊन मुलाखत घेतली, तर निर्णय झाला की नाही हे उमेदवाराला 45 दिवसांत कळवावं लागतं. आपल्याकडे खासगी कंपन्यांवर असं बंधन नाही. कायदा यायचा तेव्हा येईल, पण पुण्यातल्या मराठा चेंबरसारख्या संस्थेला आपल्या सभासदांकडून एवढी हमी आजही मागता येईल: मुलाखत घेतली की महिन्याभरात हो किंवा नाही कळवू.