डाखावे की चिकटवावे?

प्रतिकृती-नौका पाण्यात सोडली म्हणजे पाहणाऱ्यांची दृष्टी तिच्या रंगावर खिळते. तिचे भवितव्य मात्र पाण्याखालच्या, करंगळीहूनही बारीक अशा पितळी नळीत ठरत असते. मोटारीची गती पंख्याकडे नेणारा दांडा ह्या नळीतून जातो. तो डळमळू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांत तोकडी, नेमक्या मापाची दुसरी नळी बसवितात. ही आतली नळी पक्की कशी करावी, ह्याविषयी आमच्या कर्मशाळेत दोन पक्ष आहेत. आम्ही डाखाच्या पक्षाचे आहोत.

इपॉक्सी सोयीचे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु एकात एक अलगद सरकणाऱ्या नळ्यांत फटच अत्यल्प असते. आतली नळी आत ढकलताना बाहेरच्या नळीची कड बहुतेक लेप खरवडून टाकते. तोंडाशी जमलेले जाड कडे पाहून आपण संतुष्ट होतो, आणि आत सारे कोरडे! पुढे दांडा घर्षणाने तापला की साधे इपॉक्सी मऊ पडते, आतली नळी सुटून फिरू लागते.

डाखास हीच अरुंद फट मानवते. सुमारे 0.1 मिलिमीटर फटीत वितळलेला डाख केशाकर्षणाने आपण होऊन शिरतो. मात्र पितळ काचकागदाने उजळलेले असावे, त्यास फ्लक्स लावलेला असावा, आणि डाख ज्योतीने नव्हे, तर तापलेल्या पितळेच्या स्पर्शाने वितळावा. शिसेमिश्रित डाख कमी उष्णतेत वितळतो खरा. तरी विद्यार्थ्यांच्या हाती आम्ही कथिल-तांब्याचाच देऊ, जो 227 अंश सेल्सिअसला वितळतो. हे सारे नळी नौकेत बसविण्यापूर्वी उरकावे, अन्यथा लाकूड करपेल. मागाहून फ्लक्स धुऊन काढणे आलेच.

नळी आधीच नौकेत पक्की झाली असेल, तर हवेच्या अभावी धातूच्या सान्निध्यात घट्ट होणारे द्रव वापरावे. बारीक फटीत ते उत्तम धरते. फक्त त्याचा थेंब दांड्यापर्यंत जाऊ नये.

मुलांच्या हाती ज्योत नको, असे काही पालक म्हणतात. त्यांची चिंता रास्त आहे. पण शिक्षक समोर असताना, उघड्या खिडकीपाशी, विटेवर केलेले हे काम वर्ज्य मानावे असे आम्हांस वाटत नाही. आमची सूचना एवढीच, की एक डाखलेला व एक चिकटविलेला जोड करवतीने उभा चिरून दोन्ही अर्धुके कर्मशाळेच्या मेजावर ठेवावीत. ज्याने त्याने स्वतः पाहावे.