दर दोन वर्षांनी, बोटांनी

सीताफळ उतरवण्याजोगे झाले की नाही, हे वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातल्या केनवडची बाई अंगठ्याने हलकेच दाबून सांगते. प्रयोगशाळा याच दाबण्याला आकडा देते. ठरावीक जोर लावल्यावर यंत्राचे टोक किती रुतले यावरून ऊतीचा कडकपणा किलोपास्कलमध्ये काढतात. या हिशेबाचे गणित भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८२ मध्ये मांडले.

शरीर मात्र हट्टी. दाबून धरले की ऊती सैलावते, झपकन दाबली तर जास्त कडक भासते आणि खाली बरगडी असेल तर तिचा कडकपणाही मापात मिसळतो.

स्तनातली गाठ आजूबाजूच्या भागापेक्षा बहुधा कडक लागते. यूई लाइफसायन्सेस कंपनीचे 'आयब्रेस्टएक्झाम' हे हातात मावणारे यंत्र हाच फरक टिपते, तेही क्ष-किरणांशिवाय. पण कडक म्हणजे कर्करोग असे नाही. बाझेलच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अतिसूक्ष्म टोकाने गाठींचे नमुने दाबून पाहिले, तेव्हा कर्करोगाच्या पेशी उलट मऊ निघाल्या. कडकपणा भोवतालच्या तंतूंचा होता. म्हणून यंत्र संशय दाखवते, निदान गाठीचा तुकडा तपासूनच होते.

मग यंत्र येईपर्यंत थांबायचे का? मुळीच नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईत एक चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांपैकी निम्म्यांच्या स्तनांची तपासणी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या; प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या आणि साधन होते त्यांची बोटे. वीस वर्षांच्या नोंदींचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेले रुग्ण ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तशी घट दिसली नाही, हेही सांगितलेच पाहिजे.

कर्करोग तपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मात्र तिशीपुढच्या स्त्रियांना ही तपासणी पाच वर्षांतून एकदा. मुंबईच्या वस्त्यांमध्ये जे साधले ते दोन वर्षांच्या अंतराने. केनवडसारख्या गावात पन्नाशी ओलांडलेल्या बाईला पाच वर्षे थांबवणे चूक आहे. आरोग्य विभागाने आरोग्यसेविकांच्या बोटांना नीट प्रशिक्षण द्यावे, पन्नाशीपुढे हे अंतर दोन वर्षांवर आणावे आणि गाठ लागलेल्या बाईच्या गाठीचा तुकडा तपासण्याची सोय वाशीमलाच करावी.