‘फक्त एक आकडा’ बदलताना

१३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने कोविशील्डच्या दोन डोसमधील अंतर ६ ते ८ आठवड्यांवरून १२ ते १६ आठवडे केले. आता ‘को-विन’मध्ये एक आकडा बदलला की झाले, असे कुणालाही वाटेल. पण घाटकोपरच्या राजावाडी किंवा विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयात दुसऱ्या डोसची वेळ आधीच घेतलेल्यांचे काय? कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना तर हा बदल लागूच नव्हता. आधी वेळ घेतलेल्यांना केंद्रांवरून परत पाठवले जात असल्याच्या बातम्या आल्या. अखेर १६ मे रोजी, जुन्या वेळा वैध आहेत, असा खुलासा सरकारला करावा लागला.

मोहिमेच्या आरंभीही हेच दिसले होते. यादीतल्या माणसाला मेसेज पाठवणे यात अवघड काय? तरीही १६ जानेवारीला पहिला दिवस पार पडल्यावर को-विनमधील तांत्रिक अडचणींमुळे मुंबईतील लसीकरण दोन दिवस थांबवावे लागले.

‘लस दिली’ ही नोंद तर त्याहून साधी. पण वेळ घेऊनही केंद्रावर न गेलेल्या काहींना लस घेतल्याचे संदेश आले. गर्दीत नोंद चुकत होती. कागदोपत्री लस मिळालेल्या माणसाला खरी लस मिळणे कठीण. त्यावर उपाय म्हणून ८ मेपासून चार अंकी सुरक्षा कोड आला.

जुलै २०२२ मध्ये देशात दिलेल्या डोसची संख्या २०० कोटींवर गेली. त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या या यंत्रणेचे मोल कमी नाही. चूक आहे ती ‘त्यात काय एवढे’ या हिशेबात. पडद्यावरचे बटण हा कामाचा लहानसा भाग असतो. नियम मध्येच बदलला, नेट गेले, फोन मुलाच्या नावावर असला, तर काय करायचे, हे ठरवण्यातच खरे श्रम असतात. ते आधी धरले नाहीत, तर त्याची किंमत टेबलावरची परिचारिका आणि उन्हात उभे असलेले आजोबा मोजतात.

म्हणूनच आरोग्यसेवेत नवी संगणकीय सोय आणताना, तारीख जाहीर करण्यापूर्वी, एक दिवस नोंदणीच्या खिडकीजवळ बसून पाहावे. तिथली परिचारिका विचारेल त्या प्रत्येक ‘आणि असे झाले तर?’ला उत्तर हवे. ते नसेल, तर तारीख पुढे ढकलणेच शहाणपणाचे.