फाटक्या अंकाची किंमत

एखाद्या वस्तूला बाजारात भाव आला की तिचे भाग्य उजळले, असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. जुन्या चित्रकथांविषयी, म्हणजे सर्वसामान्य वाचक ज्यांना कॉमिक्स म्हणतो त्यांच्याविषयी, आज असेच बोलले जाते. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने १९६४ साली सुरू केलेल्या आणि १९९० पर्यंत चालविलेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे आरंभीचे अंक, किंवा अनंत पै यांनी १९६७ पासून संपादित केलेल्या अमर चित्रकथेच्या पहिल्या आवृत्त्या, मुळात शाळकरी पोरांच्या खाऊच्या पैशांत मिळत. आज संग्राहकांच्या व्यवहारांत त्याच अंकांचे मोल हजारांत सांगितले जाते. तुळजापूर, कळंब किंवा उमरग्याच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर मात्र हेच अंक किलोने जातात. एकाच वस्तूच्या या दोन किमतींत खरी कोणती, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी अर्थशास्त्राच्या गाभ्याला जाऊन भिडणारा आहे.

या व्यापाराचे पूर्ण विकसित रूप अमेरिकेत पाहावयास मिळते. सुपरमॅनचे पहिले दर्शन घडविणारा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १९३८ साली दहा सेंटला विकला गेला. त्याच अंकाच्या एका प्रतीला एप्रिल २०२४ मध्ये लिलावात साठ लाख डॉलर मिळाले. किंमत ठरते ती प्रतीच्या ‘श्रेणी’वरून. तज्ज्ञ म्हणविणारे परीक्षक कण्याजवळच्या सुरकुत्या, पिनांवरचा गंज, कोपऱ्यांची झीज आणि कागदाचा पिवळेपणा तपासतात व दहापैकी गुण देतात. नंतर अंक प्लॅस्टिकच्या पारदर्शक पेटीत कायमचा बंद होतो. पेटी उघडली की श्रेणी रद्द. म्हणजे उत्तम श्रेणीचा अंक वाचता येत नाही. तो वाचला जाणार नाही, याची हमी हीच त्याच्या किमतीची अट होय.

उपयोग-मूल्य आणि विनिमय-मूल्य यांतला भेद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविला जातो. पाणी जीवनावश्यक असून स्वस्त आणि हिरा निरुपयोगी असून महाग का, हे कोडे अ‍ॅडम स्मिथने मांडले होते. परंतु हिरा निदान अंगावर मिरवता तरी येतो. येथे तर विनिमय-मूल्य वाढविण्यासाठी उपयोग-मूल्याचा जाणीवपूर्वक वध केला जातो. वीस मुलांनी हाताळलेला, मुखपृष्ठावर बालाक्षरात नाव लिहिलेला, पाने दुमडलेला अंक या हिशेबाने कनिष्ठ ठरतो. ज्या कामासाठी तो छापला गेला ते काम त्याने चोख बजावले, हाच त्याचा दोष!

या संपत्तीचा वाटा निर्मात्यांच्या पदरात किती पडला, हेही पाहिले पाहिजे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला व १९३८ मध्ये त्याचे सर्व हक्क एकशे तीस डॉलरना देऊन टाकले. पुढे दोघांचीही आयुष्ये ओढगस्तीत गेली. १९७५ साली जनमताचा रेटा वाढल्यावर कंपनीने त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन देऊ केले. त्या एकशे तीस डॉलरची नोंद असलेला जुना धनादेश मात्र २०१२ मध्ये लिलावात एक लाख साठ हजार डॉलरना विकला गेला. श्रमाच्या मोबदल्यापेक्षा मोबदल्याच्या पावतीला हजारपटीहून अधिक भाव यावा, यापरते या व्यवस्थेवर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

शिवाय हा बाजार स्थिरही नाही. १९३८ चे अंक दुर्मिळ झाले ते कोणी ठरवून नव्हे. महायुद्धाच्या काळात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा झाल्या, मुलांनी अंक फाडले, आयांनी टाकून दिले, म्हणून ते दुर्मिळ. हे विसरून १९९० च्या दशकाच्या आरंभी लोकांनी नवे अंकच गुंतवणूक म्हणून साठविले. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत सीलबंद करून विकला गेला. एक प्रत वाचावयाची, दुसरी न फोडता ठेवावयाची, असे ग्राहकांनी केले. लाखो लोकांनी जपून ठेवलेली वस्तू दुर्मिळ कशी होणार? फुगा फुटला, दुकाने बंद पडली आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हलसारख्या बलाढ्य कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

यावर संग्राहकांचा एक युक्तिवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. ग्रंथालयांनी हे वाङ्मय पोरकट म्हणून दारात उभे केले नाही. ते वाचले ते छांदिष्टांनी जपले म्हणून, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. वेताळ आणि मॅन्ड्रेक मराठीत बोलू लागले, आबिद सुरती यांचा बहादूर अवतरला, ‘चांदोबा’ घरोघर गेला. परंतु या साऱ्याचा पद्धतशीर संग्रह करावा असे विद्वानांना वाटले नाही. तथापि बाजार निवडून वाचवितो. पहिला अंक वाचतो, दोनशेवा वाचत नाही. कोरा वाचतो, वापरलेला वाचत नाही. समाजाच्या वाचनाचा इतिहास तर वापरलेल्या अंकांतच असतो.

खाजगी संग्रहाचा दुसरा मार्ग दाखविण्यासाठी धाराशिव जिल्ह्याला अमेरिकेकडे पाहावे लागत नाही. तेर हे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारे नगर. तेथील शेतांत आणि पांढरीच्या टेकाडांत सापडणारी मृण्मये, मणी, नाणी, खापरे रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने गोळा केली. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना अभ्यासक पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी करतात. परदेशी बाजारात या संग्रहाचे काय मोल झाले असते, याची कल्पना करावी. पण तो संग्रह शासनाच्या हाती आला आणि आज तेरच्या शासकीय संग्रहालयाला लामतुरे यांचेच नाव आहे. फुटक्या खापराला तेथे मान आहे, कारण ते खापर वापरणाऱ्या माणसाची साक्ष देते. मग फाटक्या अंकाला तो मान का नसावा?

या प्रश्नाला काळाचे बंधन आहे. हे अंक हलक्या वृत्तपत्री कागदावर छापले गेले. त्यातील आम्लामुळे कागद आपोआप पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि मराठवाड्याचा उन्हाळा, वाळवी व कसर उरलेले काम करतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूर, लोहारा, उमरगा भागातील दगडमातीची घरे कोसळली, तेव्हा त्यांतल्या ट्रंकाही गाडल्या गेल्या. जे उरले ते माळ्यावर आहे, आणि घराची झाडलोट निघाली की रद्दीत जाते.

उपाय खर्चिक नाही. प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याजवळील छापील कृतीची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. अट एकच, छापील प्रत ग्रंथालयाजवळ असली पाहिजे. ती कोरी असावी असे कायदा म्हणत नाही. म्हणजे लिलावात ज्याला कोणी विचारणार नाही असा फाटका पण पूर्ण अंक जतनाच्या कामी कोऱ्या अंकाइतकाच मोलाचा ठरतो. पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ पासूनचे ‘किशोर’चे अंक संगणकावर सर्वांना विनामूल्य वाचावयास ठेवले आहेत. सार्वजनिक संस्थेने मनात आणले तर काय होऊ शकते, याचा हा पुरावा होय.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, आणि त्याखाली अ, ब, क, ड वर्गांची अनुदानित ग्रंथालये गावोगाव उभी आहेत. धाराशिवच्या जिल्हा ग्रंथालयाने तालुक्यातालुक्यांतून असे अंक देणगीदाखल मागवावेत, त्यांची सूची करावी, आणि ग्रंथालय संचालनालयाने त्यांच्या संगणकीय प्रतींची सोय करावी. जीर्ण पुस्तके बाद करताना बालवाङ्मय तपासल्याविना रद्दीत घालू नये, असा स्पष्ट आदेश निघावा. २०२० साली या शहराने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद भूषविले. त्या उत्साहाचा एक अंश जरी या कामी लागला, तरी पुष्कळ होईल.

संग्राहकांनी आपला छंद सोडावा, असे येथे सुचवावयाचे नाही. लामतुरेही संग्राहकच होते. पण पेटीत बंद झालेल्या अंकाची किंमत कितीही वाढली तरी समाजाच्या संपत्तीत एका पैशाची भर पडत नाही; केवळ तिचा मालक बदलतो. भर पडते ती तोच अंक उद्या परंड्याच्या वा भूमच्या एखाद्या पोराच्या हाती वाचावयास पडला म्हणजे. ग्रंथालयांनी आपली मोजपट्टी कोणती हे ठरवावे, आणि ते कागद चुरा होण्याआधी ठरवावे.