पारा ४५ अंशांवर, पण अतिनील किरणांचं काय? खान्देशच्या उन्हासाठी स्वस्त सेन्सर कसा बनू शकतो?

मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळ्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की तापमानाचे स्क्रीनशॉट फिरू लागतात. पण त्या आकड्यात अतिनील, म्हणजेच यूव्ही किरण मोजलेले नसतात. त्वचा भाजणारे आणि मोतीबिंदूचा धोका वाढवणारे किरण हेच.

ऊन आणि यूव्ही वेगळे कसे?

यूव्ही किरण दिसत नाहीत आणि त्यांचा चटकाही लगेच जाणवत नाही. सूर्य किती वर आहे, ढग किती आहेत, यावर त्यांची तीव्रता ठरते. जून-जुलैत पावसाने हवा थंडावते, पण खान्देशात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावरच असतो. नेमकी तेव्हाच कपाशीची निंदणी सुरू असते. ढग फाटले की बायांच्या पाठीवर तीव्र यूव्ही पडतात, पण गारव्यामुळे ते कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार यूव्ही निर्देशांक ३ झाला की संरक्षण हवं. ११ पासून पुढे धोका अतितीव्र.

सेन्सर काम कसा करतो?

सनस्क्रीनमध्ये असतं ते झिंक ऑक्साइड यूव्ही शोषतं आणि दिसणारा प्रकाश जाऊ देतं. त्याच्या नॅनोकणांवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. यूव्ही पडले की ते मोकळे होतात, वीज वाहू लागते. किती वाहिली, यावरून यूव्ही मोजता येतात.

सुपात दादरचे दाणे हलवले की आपोआप एकमेकांना लागून बसतात. नॅनोकणही असेच स्वतःहून थर रचतात. थर जितका सच्छिद्र, तितकी ऑक्सिजनला जागा जास्त. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये असेच अतिसंवेदनशील सेन्सर मांडले.

आपल्याकडे काय आहे?

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून २०११ मध्ये झिंक ऑक्साइडच्या यूव्ही सेन्सरवर शोधनिबंध आला. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात याच पदार्थाच्या गॅस सेन्सरवर संशोधन झालं आहे. त्यातही खेळ पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनचाच. म्हणजे या कामाचा पाया खान्देशात आहे.

अडचण कुठे?

यूव्ही थांबले तरी सेन्सर पूर्ववत व्हायला वेळ घेतो, कारण ऑक्सिजन सावकाश परत चिकटतो. दमट हवेत आकडाही बदलतो. कोरड्या मेमध्ये आणि ओल्या जुलैत सारखाच भरवशाचा ठरला, तरच तो शेतावर उपयोगी.

तोपर्यंत सोपं माप: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल, तर यूव्ही तीव्र आहेत. रुमाल बांधा, सावली गाठा.